पोळ्याची पाच डफडी

माझं लग्न झालं तेव्हा मी इतकी लहान होते, की त्या लग्नातली मला बाशिंगाची दोरी कपाळाला रुतलेली तेवढी आठवते. नांदायला आले ती पंधराव्या वर्षी. माहेर किन्हीराजाकडं, सासर रिठदच्या बाजूला. बैलगाडीनं सकाळी निघालं तर दिवस मावळताना पोचायचं. माहेरी आम्ही अंबाडीचे दोर वळत असू. दोर वळणाऱ्या घरात फारसा आवाज नसतो. माणसं वळत वळत मागं सरतात, हात चालतात, बोलणंही बेताचं. सासरी आले आणि पहिल्याच दुपारी माझं डोकं उठलं. अंगणात सासरे नव्या डफड्यावर काडी मारून पाहत होते. मारायचे, थांबायचे, मागची वादी जराशी ओढायचे, पुन्हा मारायचे. संध्याकाळपर्यंत तेच.

सासरे डफडी बनवत आणि माझे मालक ती वाजवत. डफडं म्हणजे हातभर रुंदीचं लाकडाचं गोल कडं. एका अंगानं बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं, दुसरं अंग उघडं. उघड्या अंगानं कातड्याच्या वाद्या मधल्या लोखंडी कडीत ओवलेल्या असतात. त्या ओढल्या की कातडं ताणतं आणि आवाज चढतो. पट्टा खांद्यातून घालून डफडं पोटाशी धरायचं. उजव्या हातात आखूड, जाड टिपरू, डाव्या हातात बांबूची लांब, बारीक काडी. टिपरानं घुमतं, काडीनं कडाडतं. दोन्ही नीट जुळलं तर माणसाचे पाय जागेवर राहत नाहीत.

आमची दहा-बारा घरं गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी होती. गावातलं लग्न असो, पोळा असो, आमच्या डफड्याशिवाय मिरवणूक निघत नसे. आमची माणसं सगळ्यांच्या पुढं चालत. देवळाशी पोचलं की मात्र ती पायरीच्या खाली थांबत, आणि बाकीचे वर जात. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. जन्मल्यापासून तेच पाहिलेलं. आता लिहिताना हात थांबतो.

लाकूड आणि ताण हे पुरुषाचं काम, कातडं आणि खळ हे बाईचं. मला हे काम सासूनं शिकवलं. तिला मी आत्याबाई म्हणायचे. कातडं नाल्याच्या पाण्यात भिजवायचं, चुना लावून गुंडाळून ठेवायचं, केस सुटले की ओंडक्यावर टाकून खरवडायचं. पहिल्या दिवशी वासानं मी नाक दाबलं.

आत्याबाई म्हणाली, "नाक दाबशीन त एकाच हातानं खरवडशीन. दोन्ही हात लाव कामाले. नाक आपोआप गप बसते."

आणि खरंच, आठवड्याभरात नाक गप बसलं. खळ मात्र मला पहिल्यापासून आवडली. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे आणि मग शिजवायचे. कड्याच्या काठावर ती खळ लावून वरून ओलं कातडं बसवलं की ते लाकडाला असं धरतं, की पुढं लाकूड कुजेल पण कातडं सुटायचं नाही.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे, म्हणजे मनातल्या मनात. कारण सून सासऱ्याशी बोलत नसे. पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलेला, ते अंगणात आले की आपण घरात, ते घरात आले की आपण मागच्या दारी. दोन वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर आत्याबाईच्या कानात सांगायचं, आणि मग ती ओरडायची, "आवो! खळ झाली म्हन्ते सून!" ती इतक्या जोरात ओरडायची की नाल्यापलीकडचे बगळे उडायचे. मला वाटायचं, बाईचा आवाजच तसला.

मामाजी उंच, सडपातळ. बोलणं थोडं. त्यांच्या डफड्याला आसपासच्या गावांत मान होता. केनवडचे, मालेगावकडचे वाजवणारे गाडी जुंपून येत. डफडं तयार होत आलं की मामाजी मान तिरपी करून ऐकत आणि एका क्षणी म्हणत, "पिकलं." मग त्याला कोणी हात लावायचा नाही. मी आत पाट्याशी बसलेली असे. हळूहळू मलाही कळायला लागलं. आता कच्चं आहे, आता भरत आलं, आता पिकलं. मी मनात म्हणायची, आणि त्याच क्षणी बाहेरून मामाजींचा शब्द यायचा. कोणाला न सांगता मी हा खेळ खेळत असे.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात माझा खेळ चुकायला लागला. मला कच्चं वाटावं आणि बाहेरून "पिकलं" ऐकू यावं. मला वाटलं, आपलंच ऐकणं बिघडलं. मग जवळच्या एका गावाहून डफडं परत आलं. "दहिवरानं सैल झालं असन," असं म्हणून मामाजींनी वादी ओढून दिली. महिन्याभरानं दुसरं आलं. तिसरं वैशाखात आलं. वैशाखात ओल कुठली असणार!

ते घेऊन आला तो केनवडच्या वाजवणाऱ्यांचा म्होरक्या होता. चाळिशीचा, मोठ्या मिशांचा माणूस, आमच्या घराचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं डफडं अंगणात ठेवलं आणि टिपरू मारलं.

"काकाजी, हे पाहा. भदभद वाजून राह्यलं. मडक्यावर मारल्यावानी."

मामाजींनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग डफडं उचलून दोन्ही हातांनी वाजवलं आणि म्हणाले, "चांगलं त वाजते. तुह्या कानात मळ साचला."

"मह्या एकट्याच्या नाही. साऱ्या गावानं ऐकलं."

"मंग साऱ्या गावाच्या कानात साचला!"

तो चांगला माणूस होता. पाणी प्यायला आणि डफडं तिथंच ठेवून गेला. दाराच्या फटीतून मी पाहत होते. तो गेल्यावर मामाजी कितीतरी वेळ त्या कातड्यावर तळवा ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून पितळेची घागर निसटली आणि दगडावर आपटली. अंगणातली कोंबडी फडफडली, शेजारीण बाहेर आली. मामाजी पाठमोरे बसून कडं तासत होते. त्यांनी मान वळवली नाही. त्यांची पटाशी तशीच चालत होती. मी घागर उचलायचं विसरून त्यांच्या पाठीकडं पाहत राहिले. आत्याबाई का ओरडते, तेही मला त्या वेळी उमगलं.

मी भाकरी घेऊन वावरात गेले. मालक मजुरीवर वखराच्या पाळ्या घालत होते. मी झाडाखाली फडकं सोडलं आणि म्हटलं, "एक सांगू का? रागाऊ नोका."

"सांग."

"मामाजीले ऐकू येत नाही."

ते घास घेता घेता थांबले. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाही. घरातून डफडं ऐकते न मी रोज."

त्यांनी हातातली भाकर फडक्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "मालूम हाय मले. मायलेबी मालूम हाय. पन बुढ्याले कोन सांगन? थ्याचं सारं जगनं कानावर हाय."

"मंग बनवाले तुमी बसा."

"मी वाजवनारा हाव. मले तयार डफडं कळते. अर्धं कच्चं असलं त त्याले किती वढाचं, हे मले नाही कळत. कैकदा करून पाह्यलं म्या."

मला ते कळत होतं. पण हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. सून म्हणून आलेल्या पोरीनं म्हणायचं तरी काय, की मला कळतं?

आषाढात केनवडचा म्होरक्या पुन्हा आला. आम्हाला वाटलं नव्हतं तो येईल. ओट्यावर बसला आणि माझ्या मालकांना म्हणाला, "काकाजीनं बारा वर्षांमांगं देल्लेलं डफडं अजून मह्याजोळ हाय. त्याच्यावानी दुसरं मी आयकलं नाही. म्हनून एकडाव येऊन राह्यलो. औंदा पोळ्याले पाच पाहिजेत. पन पाची एका आवाजाची. एकबी भदभदलं त पुढच्या साली मी वाशिमाले जाईन, मंग मले बोल लावू नोका."

मालकांनी मामाजींना हातानं पाच बोटं दाखवली आणि तोंड मोठं करून सांगितलं, "पोळ्याले! एका आवाजाची!"

मामाजी म्हणाले, "वरडतं काहून? मी काय बहिरा हाव?"

मालकांनी बोटं मिटून हात खाली घेतला.

पोळा म्हणजे श्रावणाचा शेवट. डफडी बनवायला याहून वाईट दिवस नाहीत. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळणारं कातडं श्रावणात आठ दिवस घेतं. आम्ही गेल्या सालच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या ओट्याखाली कोरड्या ठेवलेल्या होत्या. त्या पेटवून धगीवर कातडं धरायचं, जरा सैल पडलं की पुन्हा धरायचं. पाच कडी तयार झाली, पाच कातडी बसली. आणि मग ताण द्यायचा दिवस आला, तोवर मालक निंदणाच्या हंगामात दिवसभर वावरात अडकले होते आणि आत्याबाई हिवतापानं गोधडी पांघरून पडलेली होती.

पहिलं डफडं मामाजींनी धगीवर शेकलं आणि ओढायला घेतलं. मी चुलीशी होते. आवाज चढत गेला. पिकलं, मी मनात म्हटलं. मामाजींनी आणखी ओढलं. आणखी एकदा. मग फडक्यासारखा आवाज झाला. कातडं मधोमध फाटलं होतं.

त्यांनी दुसरं घेतलं. ते वैशाखातलं बोलणं त्यांच्या मनात बसलं असणार. सैल राहू नये म्हणून ते जास्त ओढत होते, आणि कुठं थांबायचं ते सांगणारं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. दुसरंही फाटलं. घरात जादा कातडी दोनच होती.

मामाजींनी तिसरं डफडं मांडीवर घेतलं. मी पीठ मळत होते. ते ओढत होते, मारत होते, ओढत होते. माझे हात पिठात थांबले. भरत आलं. अजून थोडं. पिकलं. बाहेर मामाजींनी पुन्हा वादी बोटाला गुंडाळली.

मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. दारातून बाहेर पडले, अंगण ओलांडलं आणि पिठाचा हात तसाच त्यांच्या हातातल्या वादीवर ठेवला. डोक्यावरचा पदर पार खांद्यावर आला होता.

मामाजींनी वर पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं असेल. मला वाटलं, आता ते डफडं फेकतील, मला माहेरी धाडतील. मी मान हलवली. नको, आता नको.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कातड्याकडं पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "झालं?"

मी मान डोलावली.

त्यांनी वादीची गाठ मारली आणि डफडं बाजूला ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "कवापासून मालूम हाय तुले?"

मी म्हटलं, "वैशाखापासून."

मामाजींशी मी बोललेला हा पहिला शब्द. तोही त्यांना ऐकू आला नाही. मी लाजून पदर ओढून घेतला होता, माझं तोंड झाकलेलं होतं. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. त्यांनी हात वर केला.

"वरडू नोको पोरी. वरडून काई होत नाही. मी लोकायच्या तोंडाकडं पाह्यतो, ओठावरून समजते. तू पदर मांगं घे."

सासरा सुनेला म्हणत होता, पदर मागं घे. मी आत पाहिलं. गोधडीतून आत्याबाई कोपरावर उठून बसली होती. तापानं तिचे डोळे लाल होते. तिनं सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, ही आता ओरडणार.

ती ओरडली खरी. म्हणाली, "घे न व मांगं! तोंडच न दिसलं त थ्याले कळन कसं?"

मी पदर मागं घेतला.

त्या दिवसापासून पोळ्यापर्यंतचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यात फार वेगळे गेले. सकाळी स्वयंपाक आटोपला की मी मामाजींच्या समोर बसायची. ते ओढायचे, मी ऐकायची. आधी ते स्वतः मारायचे. मग म्हणाले, ज्यानं ऐकायचं त्यानंच मारलं पाहिजे. दुसऱ्याच्या हाताचा अंदाज येत नाही. त्यांनी माझ्या हातात टिपरू दिलं. बाईनं डफडं वाजवलेलं आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं. माझं मनगट आखडलं.

"भाकर थापतं का नाही?" मामाजी म्हणाले. "थापताना मनगट कसं ऱ्हायते? तसं सैल सोड."

तसं सोडलं तर लागलं बरोबर. डाव्या हाताची काडी जमायला मात्र चार दिवस लागले. ती मारायची नसते, नुसती कातड्यावर पडू द्यायची असते आणि पडल्या पडल्या उचलायची असते. मामाजींना माझा आवाज ऐकू येत नव्हता, पण काडी चुकली की ते पाहूनच ओळखायचे. "मेली," म्हणायचे. "पुन्हा."

त्यांनीही त्या दिवसांत एक नवीन शोधलं. मी मारत असताना ते कड्याची कड हनुवटीला टेकवून बसायचे. म्हणायचे, दातांत कळतं. आवाज चढला का उतरला ते नाही कळत, पण एका बाजूचं कातडं सैल असलं तर कळतं. एकदा त्यांनी घरातून मूठभर तीळ मागवले आणि कातड्यावर पसरले. मी टिपरू मारलं. तीळ उडाले आणि एका बाजूला गोळा झाले. मामाजींनी त्या बाजूची वादी किंचित ओढली. पुन्हा तीळ पसरले, पुन्हा मी मारलं. या वेळी तीळ सगळीकडं सारखे नाचले. मामाजी हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पाहिलं. समोरचा एक दात पडलेला होता, तोवर मला माहीतही नव्हतं.

"हे पाय," ते म्हणाले, "आवाज दिसते."

आत्याबाई तापातून उठली होती. ती म्हणाली, "तीळ सांडू नोका, संक्रांतीचे हाय थे!" पण तिनंच आणखी आणून दिले.

हे सगळं अंगणात चालायचं, आणि अंगणाला भिंत नव्हती. चार घरं टाकून राहणारी एक बाई नाल्यावर आत्याबाईला म्हणाली, "काय व, तुही सून सासऱ्यासमोर तोंड उघडं टाकून बसते म्हन्तात. डफडं बडवते म्हन्तात."

मी तिथंच कातडं धूत होते. माझी मान खाली गेली. आत्याबाईनं धुणं दगडावर ठेवलं, कमरेवर हात घेतले आणि आख्ख्या नाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसते! अन् मीच बसवते! तुह्या घरी कोनी बहिरं झालं त तुह्या सुनीले झाकून ठेव, मंग पाहू काय होते थे!"

बाई आपलं धुणं उचलून चालती झाली. मला आत्याबाईच्या त्या आवाजाचं त्या दिवशी फार सुख वाटलं.

म्होरक्या पोळ्याच्या आदल्या दुपारी यायचा होता. पाचही डफडी तयार होती. चार आम्ही सकाळीच ओट्यावर लावून ठेवली. पाचवं जरा सैल पडलं होतं म्हणून मामाजींनी ते पऱ्हाटीच्या धगीवर धरलेलं. तेवढ्यात गाडी आली. मी घाईघाईत आत गेले. परक्यासमोर बसायची अजून हिंमत नव्हती. मालक त्या दिवशी घरीच होते. त्यांनी एकेक डफडं म्होरक्याच्या हातात दिलं. तो वाजवायचा, बाजूला ठेवायचा, पुढचं घ्यायचा. एक, दोन, तीन, चार. त्याच्या मिशा हलत होत्या, मान डोलत होती. मालकांच्या तोंडावर हसू आलं.

मग पाचवं. त्यानं टिपरू मारलं आणि त्याची मान थांबली.

"हे चढं हाय," तो म्हणाला.

मालकांनी घेऊन वाजवलं. त्यांचं तोंड उतरलं. "हो. चढं हाय."

मामाजी एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडं पाहत होते. म्होरक्या हात चोळत म्हणाला, "काकाजी, चार लय सोन्यासारखी हायत. पन मी पाच मांगली होती."

मी दाराआड उभी होते. मला ठाऊक होतं ते काय आहे. डफडं आत्ताच धगीवरून आलेलं. गरम कातडं चढंच वाजणार. थोडं निवलं की उतरून बाकीच्यांच्या जोडीला बसणार. हे मामाजींना एरवी लगेच सुचलं असतं, पण आवाज चढा आहे हेच त्यांना कळलं नव्हतं. मालकांना घाईत सुचलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. म्होरक्या उठायला लागला.

"थे आत्ताच आगीवरून काढलं," मी आतून म्हटलं. "निवू द्या जराक. मंग वाजवा."

म्होरक्यानं विचारलं, "हे कोन बोलून राह्यलं?"

मालक गोंधळले. मामाजींनी म्होरक्याच्या ओठांवरून आणि नजरेवरून ओळखलं. ते दाराकडं वळले. "काय म्हनतं पोरी? भाईर येऊन सांग."

मी बाहेर आले. पदर मागं घेतला आणि मामाजींकडं तोंड करून पुन्हा सांगितलं. त्यांनी ते डफडं उचलून गालाला लावलं, त्याची ऊब पाहिली आणि खाली सावलीत ठेवलं.

म्होरक्या माझ्याकडं पाहत होता. मामाजी त्याला म्हणाले, "मले आता ऐकू येत नाही, बापा. सांगाची लाज वाटे. हा कान हाय मह्या घरचा. तुही पाची डफडी इनंच पिकवली."

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मालक पाठ फिरवून विनाकारण गाडीच्या बैलांना चारा टाकायला गेले. आत्याबाई पदरानं नाक पुसत होती.

आम्ही सगळे वाट पाहत बसलो. आत्याबाईनं म्होरक्याला गुळाचा चहा दिला. चहा संपला तेव्हा त्यानं टिपरू उचललं. पाचवं डफडं वाजलं आणि लगेच पहिलं, लगेच दुसरं. पाचही एकाच गळ्यातून निघाल्यासारखी. म्होरक्यानं टिपरू खाली ठेवलं, मामाजींच्या पायाला हात लावला आणि मग माझ्याकडं वळून हात जोडले. परक्या माणसानं मला हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. काय करावं ते न कळून मीही जोडले.

त्या पोळ्याला केनवडात काय झालं ते आम्हाला पुढच्या बाजाराला कळलं. मिरवणूक तासभर जास्त चालली म्हणे. बैल घरी जायला तयार, पण माणसं नाचायची थांबेनात. त्यानंतर आमच्या अंगणात पुन्हा गाड्या लागू लागल्या. आलेली माणसं आधी मामाजींशी बोलायची, आणि मग विचारायची, "कानवाल्या बाई कुठी हाय?" मला त्या नावाची पहिल्यांदा लाज वाटली, पुढं सवय झाली.

मामाजी त्यानंतर बरीच वर्षं जगले. ऐकू यायचं पार थांबलं, पण ते आधीपेक्षा जास्त बोलायला लागले. लपवायचं काही उरलं नाही म्हणून असेल. त्यांनी मला लाकूड पारखायला शिकवलं, कडं वाकवायला शिकवलं. पुरुषाचं काम, बाईचं काम ही वाटणी आमच्या घरात कधी मोडली ते कळलंच नाही. मालक कधी कधी कातडं खरवडायला बसायचे आणि नाक दाबायचे, तेव्हा आत्याबाई त्यांनाही सोडायची नाही.

मला मुलगी झाली तेव्हा मामाजी तिला मांडीवर घेऊन बसायचे. ती रडायला लागली की मी धावत जायची, तर ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, रडू दे जराक. मले आंगात समजते." पुढं गावात शाळा निघाली. आमच्या मुलांनी व्हरांड्यात बसायचं असं तिथं होतं, तरी मामाजींनीच तिला हाताला धरून नेलं. ती दुपारी पाटी घेऊन आली की मी तिच्याशेजारी बसायची. खळ शिजत असायची, आणि आम्ही दोघी अक्षरं गिरवायचो. आत्याबाई म्हणायची, "एकीले शिकवाले धाडली, शिकून राह्यल्या दोघी!"

मी एकटीनं बनवलेलं पहिलं डफडं शेजारच्या तांड्यावरच्या लोकांनी होळीसाठी नेलं. ते तितकंसं चांगलं झालं नव्हतं. कड्याला एका जागी रंधा जास्त लागला होता आणि ते मला दिसत होतं. मी म्हटलं, आठ दिवस द्या, दुसरं करून देते. पण त्यांना घाई होती. घेऊन गेले. होळीच्या दिवशी मी अंगणात शेण-सडा घालत होते, तर तांड्याच्या बाजूनं ते वाजताना ऐकू आलं. मी हातातलं काम टाकलं नाही, पण ऐकत होते. जिथं मला भीती होती तिथं ते जरा बोथट वाजत होतं. बाकी चांगलं होतं. पुढचं डफडं मी त्याच संध्याकाळी सुरू केलं.